दापोऱ्याचा पाळणा

कारखान्याच्या क्वार्टरमध्ये आम्ही इतकी वर्षं काढली की तिथला पलंग, कपाट, टेबल हे सगळं आपलंच आहे असं मला वाटायला लागलं होतं. प्रत्येक वस्तूच्या मागं पांढऱ्या रंगात कारखान्याचा नंबर घातलेला असे, पण ती बाजू भिंतीकडं असायची. हे निवृत्त झाले, स्टोअरची माणसं येऊन सामान घेऊन गेली, आणि आमच्या मालकीचं म्हणून जे उरलं ते एका लहान टेंपोत मावलं. भांडीकुंडी, कपडे, देव, माझं शिलाई मशीन आणि एक जाड लोकरी फेल्ट. कागदाच्या मशीनवर फिरणारा हा फेल्ट जुना झाला की कामगारांना घरी न्यायला मिळायचा. वसाहतीत ज्याच्या त्याच्या घरी जाजम म्हणून तोच अंथरलेला असे.

आमचं मूळ साताऱ्याकडचं. निवृत्तीनंतर तिकडं जायचं असं तरुणपणी ठरवलं होतं, पण तिकडं आता ओळख देणारं कोणी राहिलं नव्हतं, आणि मुलगी भुसावळला दिलेली. म्हणून कारखान्याजवळच्या बऱ्हाणपुरातच घर घेतलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढं ऐसपैस ओसरी. त्या मोकळ्या खोल्यांत बोललं की आवाज घुमायचा. ह्यांचं म्हणणं, नवं घर आहे तर सामानही नवंच घेऊ. आम्ही दुकानात जाऊन सोफा पाहून आलो. त्याच्यावर बसले तर खाली प्लास्टिक कुरकुरलं. घरी येऊन मी म्हटलं, सध्या राहू दे, फेल्टवर बसू.

शनवाऱ्याच्या बाजारात भाजीला जाताना वाटेत भंगाराचं एक मोठं गोदाम लागतं. आसपासच्या खेड्यांत जुनी घरं पाडून सिमेंटची बांधण्याचं काम सतत चालू असतं, आणि त्या घरांची दारं, खिडक्या, वासे तिथं येऊन पडतात. एकदा मी उगीच आत डोकावले आणि मग जातच राहिले. पहिल्यांदा सागवानी दाराची एक फळी आणली. तिला घासून, तेल लावून गोदामातल्याच एका जुन्या शिलाई मशीनच्या लोखंडी पायांवर बसवली, ते आमचं जेवणाचं टेबल झालं. गावात पॉवरलूम पुष्कळ. मागावर सूत इकडून तिकडं नेणारे लाकडी धोटे झिजले की तेही भंगारात येतात. ते ओळीनं भिंतीत ठोकून मी त्यांच्या खुंट्या केल्या. तांब्याचा एक गळका बंब मिळाला, त्यात छत्र्या राहू लागल्या. हे काही दिवस कुरकुरले, घर आहे की गोदाम म्हणाले. पुढं पुढं मात्र मी काही आणलं की आधी ह्यांनाच पॉलिश पेपर सापडायचा.

तो पाळणा मला अशाच एका दुपारी दिसला. वाशांच्या ढिगाखाली उलटा पडला होता. चारही बाजूंना कातीव दांड्या, त्यांच्यावर लाल-हिरव्या रंगाचे पुसट पट्टे, आणि डोक्याकडच्या फळीवर कोरलेले दोन मोर. एका मोराची चोच तुटलेली. पाळणा म्हणून घ्यावा असं तेव्हा माझ्या मनातही नव्हतं. उलट पाळणा हा शब्दच आमच्या घरात कोणी काढत नव्हतं. त्याच्या आदल्या वर्षी मुलीचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. त्याच्यासाठी हौसेनं शिवलेली झबली मी ट्रंकेच्या तळाशी घालून टाकली होती. मला त्या लाकडात फक्त कुंड्या ठेवायची जागा दिसली. ओसरीच्या तुळईला आधीच्या मालकानं झोपाळ्याचे हूक लावून ठेवले होते, त्यांना साखळ्या अडकवून आम्ही पाळणा टांगला आणि त्यात मनीप्लँट, कोरफड, शेवंती अशा लहान लहान कुंड्या मांडल्या. मनीप्लँटचे वेल दांड्यांतून खाली लोंबायला लागले. येणारा जाणारा थांबून बघायचा.

वर्षभरानं मुलीला परत दिवस गेले. ह्या वेळी डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती, म्हणून पाचव्या महिन्यातच जावई तिला आमच्याकडं घेऊन आले. ती आली ती फार गप्प. कशाचीच तयारी करायची नाही, कोणाला सांगायचं नाही, काही विकत आणायचं नाही, असं तिनं बजावूनच ठेवलं. मी लोकर आणली नाही, बाळंतविड्याचं नाव काढलं नाही. दिवसभर ती ओसरीत खुर्ची टाकून बसायची. पोटावर हात ठेवून समोरच्या रस्त्यानं जाणाऱ्या केळीच्या गाड्या बघत राहायची. कोणी विचारलं तर, बरी आहे, एवढंच.

असे दीड-दोन महिने गेले असतील. एक दिवस मी शेंगा निवडत होते आणि ती पाळण्याकडं बघत होती. एकदम म्हणाली, "आई, ह्यातली झाडं दुसरीकडं ठेवता येतील का गं?"

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा हातातल्या शेंगा खाली ठेवून मी उठले. कुंड्या उचलून पायरीवर ठेवल्या. ह्यांनी पाळणा खाली काढला, धुतला, उन्हात वाळवला. मुलीनं स्वतः बसून कापसानं तेल लावलं. पट्ट्यांचा लाल रंग उघडा पडला तसा तिचा चेहराही जरा उजळला. संध्याकाळी तिनं नवऱ्याला व्हिडिओ कॉल करून पाळणा दाखवला. कितीतरी महिन्यांनी मी तिला फोनवर हसताना ऐकलं.

दुसऱ्या दिवशी समोरच्या काकू आल्या. काकू इथल्याच, मनानं चांगल्या, माझ्या अडीअडचणीला धावून येणाऱ्या. कुंड्या पायरीवर आणि पाळणा मोकळा बघून त्यांनी कारण विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पाळण्याच्या दांडीवरून हात फिरवला आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "वहिनी, राग नका मानू. पन चांगल्या घरचा पाळना कोनी भंगारात देते का? कोनाचा असन, त्याच्यात काय झालं असन, कोनाले माहीत?"

मी काहीतरी बोलून विषय बदलला. मुलगी आत झोपली आहे अशी माझी समजूत होती. सकाळी उठून ओसरीत आले तर सगळ्या कुंड्या परत पाळण्यात होत्या. एकेक करून तिनंच ठेवल्या होत्या, मनीप्लँटचा वेलही आधीसारखा दांडीतून बाहेर काढला होता. मी तिच्याकडं पाहिलं. ती म्हणाली, असंच छान दिसतं. मग खुर्ची उचलून आतल्या खोलीत नेली. त्यानंतर ती ओसरीत बसेनाशी झाली, तिचं जेवणही कमी झालं.

मी स्वतः असल्या गोष्टी मानते की नाही, हे मला नीट सांगता येत नाही. रिकामा पाळणा हलवू नये हे मी लहानपणापासून ऐकलं होतं आणि कधी हलवलाही नव्हता. घरातल्या दाराच्या फळीचं, बंबाचं, धोट्यांचं कधी काही वाटलं नव्हतं, कुणाचे तरी असतील म्हणून सोडून दिलं होतं. पण काकूंनी तो प्रश्न विचारल्यापासून मलाही त्या पाळण्याजवळून जाताना पदर सावरावासा वाटायला लागला. शेवटी मनाशी म्हटलं, नुसतं घाबरत बसण्यापेक्षा विचारून तरी यावं.

गोदामाच्या मालकाला आधी आठवेना. मी मोरांचं सांगितल्यावर तो म्हणाला, "हां भाभी, वो दापोरावाला माल. केळीवाल्यांचं जुनं घर होतं, दारं, खिडक्या, तुमचा झुला, सब एकसाथ उचलला होता." दापोरा गावात मारुतीच्या देवळामागं आता गुलाबी रंगाचं नवं घर आहे तेच, असा पत्ताही त्यानं दिला.

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं की दापोऱ्याला जायचंय. मुलीला बाजारात जातो म्हणायचं ठरलं आणि तिच्या सोबतीला काकूंना घरी बसवलं. काकू मुकाट्यानं येऊन बसल्या. आपल्या बोलण्यानं काय झालं ते त्यांनाही दिसत होतं. स्कूटरला किक मारता मारता ह्यांनी विचारलं, काही वाईट निघालं तर काय करणार? मी म्हटलं, पाळणा परत गोदामात देऊन टाकीन.

"आणि पोरीच्या डोक्यातला कुठल्या गोदामात देशील?" हे म्हणाले. मी मागं बसले.

रस्त्याला दोन्ही बाजूंनी केळीच. गाड्यांतून पडलेली पानं रस्त्यावर चिखलासारखी झाली होती, म्हणून हे हळू चालवत होते, आणि मला मात्र लवकर पोचावंसंही वाटत होतं आणि पोचूच नये असंही. गुलाबी घर लगेच सापडलं. अंगणात खाटेवर एक म्हातारी बाई बसली होती, पुढ्यात सुपात तूर. घरची बाकीची माणसं केळी कापायला गेली होती. आम्ही कोण, कुठले हे सांगून मी पाळण्याचं नाव काढलं तसे तिचे हात सुपात थांबले.

"मोडला तं नाही ना?" तिनं विचारलं.

नाही म्हटल्यावर तिनं मला हाताला धरून खाटेवर बसवलं. घर पाडलं तेव्हा ती लेकीकडं तुकईथडला गेली होती. परत आली तर जुन्या घराची माती झालेली आणि सामान गाडीत घालून गेलेलं. मुलांनी सगळंच एकदम देऊन टाकलं होतं, त्यांना काही सुचलं नाही. पाळणा कुणीतरी जळणाला फोडला असेल असं तिनं धरून ठेवलं होतं आणि त्यावरून मुलांशी अबोलाही धरला होता. आता कुठं टांगलाय, उन्हात तर नाही ना, असं ती एकामागून एक विचारू लागली. मला लाज वाटली, पण सांगितलं की त्यात मी कुंड्या ठेवल्या आहेत.

ती हसली. तोंडात दात फारसे नव्हते, पण हसू मोकळं होतं. "झाडं तं झाडं. जगली ना?"

मग मी मुलीचं सगळं सांगितलं. पहिलं बाळ गेलं ते, आता हे सात महिने, काकूंचं बोलणं, कुंड्या परत ठेवल्या ते. ह्यांनी मला मध्येच खुणावलं की एवढं कशाला, पण त्या बाईसमोर हातचं राखून बोलता येईना. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग तुरीतला एक खडा काढून बाजूला टाकला.

"खोटं काहून सांगू माय," ती म्हणाली. "माह्यं पयलं लेकरू त्याच पाळन्यात गेलं. सव्वा महिन्याचं बी नव्हतं झालं. दूध पिऊन निजलं ते उठलंच नाही."

हे उठून उभे राहिले. तिनं ह्यांना हातानंच बसा म्हटलं आणि पुढं सांगितलं. त्याच्यामागं तिला पाच झाली, तीन मुलगे आणि दोन मुली. पाचही त्याच पाळण्यात वाढली. मग नातवंडं वाढली. शेवटचा नातू आता ट्रॅक्टर चालवतो. सासूनं दुसरा पाळणा करून घेऊ म्हटलं होतं. हिनंच नको म्हटलं.

मी विचारलं, परत त्याच्यात मूल घालताना भीती वाटली नाही का?

"वाटली ना. रात-रात हात धरून बसे मी. पन पाळन्यानं काय केलं व्हतं? त्यानं तं माह्या लेकराले शेवटपावतर झोका देला."

ह्यांनी दुसरीकडं तोंड फिरवलं. पाळणा तुम्हाला परत हवा का, असं मी तिला विचारलं, मनापासून विचारलं. ती नको म्हणाली. आता तिच्या घरी पाळण्यात निजणारं कोणी नव्हतं, आणि नव्या छताला हूकही नव्हते. कडुलिंबाच्या पाण्यानं धू, हळदीचं बोट लाव, आणि मूल घालायच्या आधी वरवंटा घाल, एवढं तिनं पुन्हा पुन्हा सांगितलं. निघताना केळीचा एक घड ह्यांच्या पायाशी स्कूटरवर ठेवायला लावला. नाही म्हणायची सोय नव्हती.

वाटेत हे म्हणाले, पोरीला पाच जगली तेवढं सांग, बाकीचं राहू दे. मलाही तेच बरं वाटलं. पण घरी आलो तर मुलगी ओसरीत उभी होती. आम्ही कुठं आणि कशाला गेलो ते काकूंनी तिला सांगून टाकलं होतं. कबुली दिल्यासारखं सांगितलं असावं, कारण काकूंचे डोळे लाल होते. मुलगी म्हणाली, "आई, खरं काय ते सांग. कमी करून सांगू नकोस."

मी सांगितलं, काही न गाळता. म्हातारीच्या पहिल्या बाळाचंही सांगितलं. काकूंनी तोंडाला पदर लावला. मुलगी पायरीवर बसली आणि रडायला लागली. तिचं बाळ गेलं तेव्हा ती इतकी रडली नव्हती. तेव्हा ती दगडासारखी झाली होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. बऱ्याच वेळानं तिनं नाक पुसलं आणि विचारलं, "नंतर पाच?"

"पाच," मी म्हटलं.

"ह्यातच?"

"ह्यातच."

ती उठली आणि आत जाऊन झोपली. दिवेलागणीला मी उठवायला गेले तर तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती, शाळेतून दमून आल्यावर झोपायची तशी. उठल्यावर तिनं स्वतःहून जेवायला मागितलं. दापोऱ्याची दोन केळी खाल्ली, वर भाकरी. दुसऱ्या दिवशी तिनं कुंड्या परत पायरीवर आणल्या आणि मला म्हणाली, लोकर आणलीस तर मी टोपडं विणीन.

नाही म्हटलं तरी पुढचे दिवस काळजीतच गेले. दवाखान्यातून फोन आला की मी हातातलं काम टाकून धावायचे. पण ती काळजी आता आम्ही सगळे मिळून करत होतो. प्रत्येकानं आपापल्या खोलीत लपवून ठेवायची राहिली नव्हती. दिवस भरले, थोडे वरही गेले. इथल्याच दवाखान्यात तिला मुलगी झाली. नर्स बाहेर आली तेव्हा मी तिच्या तोंडाकडं न बघता आतून रडणं येतंय का ते ऐकत होते. येत होतं, चांगलं खणखणीत. ह्यांनी बाकावरून उठून भिंतीला हात टेकला आणि तसेच उभे राहिले. जावई स्टेशनवरून थेट आले, बाळाला बघितलं आणि बाहेर जाऊन दराब्याच्या मिठाईचे डबे घेऊन आले. अख्ख्या मजल्यावर वाटले.

बारशाला दापोऱ्याची आजी आली. तिचा तो ट्रॅक्टरवाला नातू तिला मोटारसायकलवर घेऊन आला होता. आल्या आल्या तिनं पाळण्याच्या साखळ्या ओढून पाहिल्या, उंच टांगलाय म्हणून ह्यांना दोन कड्या खाली घ्यायला लावल्या, आणि मगच पाणी घेतलं. कुंची घातलेला वरवंटा काकूंनी पाळण्यात ठेवला. मग बाळाला घातलं. आजीनं एकदाच झोका दिला आणि दोरी माझ्या मुलीच्या हातात दिली. जाताना आजी मागं वळून बघेल असं मला वाटलं होतं, पण ती नातवाला रस्त्यातल्या खड्ड्यांवरून दटावत निघून गेली.

खरं सांगायचं तर बाळाला तो पाळणा सुरुवातीला मुळीच आवडला नाही. ठेवलं की ओरडायचं, आणि ह्यांच्या खांद्यावर घेतलं की गप्प. त्याची आम्ही कोणी चिंता केली नाही. हळूहळू ती त्यात रमली, मोरांकडं बघून हुंकार द्यायला लागली.

तिसरा महिना संपला तेव्हा जावई गाडी घेऊन दोघींना न्यायला आले. मी ह्यांना पाळणा उतरवायला सांगितला. जुन्या चादरीत बांधून दिला असता, टपावर सहज बसला असता. ह्यांनी स्टूल आणलं आणि पहिल्या साखळीला हात घातला, तेवढ्यात मुलगी बाळाला खांद्यावर टाकून बाहेर आली.

"तो नका काढू बाबा," ती म्हणाली. "असू दे इथंच. पुढच्या वेळी लागेल."

बोलून ती गाडीत जाऊन बसली आणि दुपट्यांची पिशवी कुठं ठेवली म्हणून नवऱ्याला विचारू लागली. आपण काय बोललो ते तिच्या लक्षातही आलं नव्हतं. हे स्टुलावरच उभे होते, मी खाली स्टूल धरून. आम्ही एकमेकांकडं पाहिलं नाही. मग हे खाली उतरले, मी पिशवी शोधायला आत गेले.